फ्रिजच्या तीन रात्री

३ मार्च

व्हॅनमधली शेवटची फळी आज ठोकून झाली आणि ती घर म्हणवून घ्यायला लायक झाली. एक पलंग, एक शेगडी, बादलीएवढं बेसिन, टपावर सोलर पॅनेल, मागे पलंगाखाली जास्तीची बॅटरी, पुढे माझ्या सीटच्या पाठीशी इन्व्हर्टर आणि मधोमध कमरेएवढा फ्रिज. इन्व्हर्टर पुढे बसवायचा निर्णय माझा. त्याच्यावर आकडे दाखवणारी छोटी पाटी आहे, ती मान वळवली की दिसायला हवी. आकडे दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. दुकानदाराचा तराजू चिमूटभर खोटा असला तरी माझ्या नजरेतून सुटला नाही. लोक तोंडावर ‘काटेसाहेब’ म्हणायचे. मागे काय म्हणायचे, ते मी कधी मोजलं नाही.

जायचं आहे हिच्या ताईकडे. घाटापलीकडे, दोन दिवसांचा रस्ता. ताई हिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, म्हणून हिला त्यांनीच वाढवलं. हल्ली त्या विसरतात. त्यांची मुलगी, म्हणजे हिची भाची, फोनवर म्हणाली, “मावशी, यायचं तर लवकर ये. परवा तिने मला नर्स समजून चहा मागितला.” त्यातच १ एप्रिलपासून घाटातला पूल दुरुस्तीसाठी सहा महिने बंद. म्हणजे जायचं तर याच महिन्यात.

हिला इन्सुलिन लागतं आणि ते थंड राहायला हवं. म्हणून हिने अट घातली, “तीन रात्री ओळीने फ्रिज इथे दारातच चालवून दाखवा. मध्ये एकदाही बंद पडता कामा नये. मग निघू.”

“एवढंच?” मी म्हणालो.

५ मार्च

काल रात्री कधीतरी इन्व्हर्टरने किंकाळी फोडली आणि मान टाकली. मला ऐकू आली नाही. शेजारच्या पोस्टमास्तरांना आली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांना सगळ्यांच्या घरची बित्तंबातमी लागते. सकाळी कुंपणावरून म्हणाले, “काटेसाहेब, रात्री तुमच्या गाडीत कुणाचा गळा दाबत होता का?”

सगळं बंद केलं. अर्धा तास थांबलो. मग मीटर लावून बॅटरी मोजली, बारा पूर्णांक चार व्होल्ट. तब्येत ठणठणीत. आमच्या खात्याचा पहिला नियम असा, की काटा स्थिरावल्याशिवाय वाचायचा नाही. हलत्या काट्यावर विश्वास ठेवणारा निरीक्षक घरी बसवावा. नोंद केली : बॅटरी निर्दोष.

७ मार्च

पुन्हा तेच. दिवसभर फ्रिज गुणी बाळासारखा चालतो आणि रात्री कधीतरी किंकाळी. सकाळी बॅटरी मोजावी तर निर्दोष. इन्व्हर्टर काढून दुकानात नेला. दुकानदाराने भर दुपारी तासभर पंखा लावून दाखवला. इन्व्हर्टरही निर्दोष. मग दोषी कोण? मी फ्रिजवर संशय घेतला. ही म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं. काल दुकानदार वाकडा, आज फ्रिज वाकडा, उद्या सूर्य वाकडा म्हणाल.”

हिला वीज कळत नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

९ मार्च

भाचीचा फोन. ही बराच वेळ नुसतं ‘हं, हं’ करत होती. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. ती सकाळीच घासून झाली होती. मी स्वतः पुसून लावली होती, म्हणून मला खात्री आहे. संध्याकाळी ही खुर्चीत टेकल्यावर विचारलं, “बरी आहेस ना?”

“मी बरी आहे.”

चला, एक तरी गोष्ट सरळ उत्तर देते.

मांडीवर एक जुनाट पिवळा स्वेटर घेऊन कोपरं रफू करत होती. ताईंनी विणलेला, लग्नाआधीचा. आता अंगात जाणार आहे का? घाटापलीकडे थंडी असते हे खरं, पण चांगले दोन नवे स्वेटर कपाटात पडून आहेत. बायकांच्या हिशेबात मी शिरत नाही.

१२ मार्च

हिने केस काळे केले! सहा वर्षांपूर्वी ‘आता पुरे झालं’ म्हणून सोडलेलं, ते पुन्हा सुरू. वर दोन वेण्या घालून आरशासमोर उभी. मला विचारते, “पूर्वीसारखी दिसते का?”

मी म्हणालो, “पूर्वी म्हणजे कधी?”

“तुमच्या आधी.”

“आपल्या लग्नाआधी मी तुला पाहिलंच नव्हतं, तर तुलना कशी करणार? मूळ माप हवं ना.”

तिने वेण्या सोडून टाकल्या. या वयात प्रवासाला निघायचं म्हणजे माणसाला नटावंसं वाटतंच, मी काही हसलो नाही. इकडे फ्रिजची पाचवी रात्रही वाया गेली. महिन्याचे एकोणीस दिवस उरले.

१४ मार्च

हे लिहावं की नाही याचा तासभर विचार केला. पण नोंदवहीत खोटं लिहायचं नाही, हा माझा बाणा. तर खरं ते असं.

आज संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांब वायर बाहेर सोडली, कुंड्यांच्या मागून फिरवली आणि व्हॅनच्या तळाशी जे भोक आहे त्यातून आत घेऊन फ्रिजला जोडली. म्हणजे फ्रिज घराच्या विजेवर चालणार. ही फसवणूक नाही. उपकरण सुटं करून तपासायची ही मान्य पद्धत आहे. फ्रिज स्वतः निर्दोष आहे का, ते यातून सिद्ध होईल. हिला सांगितलं नाही, कारण तांत्रिक गोष्टी सांगून तिला उगाच गोंधळात का टाकायचं?

हिने फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फाची एक वाटी ठेवली आहे आणि बर्फावर माझ्या शर्टाचं एक बटण. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, “असू दे. हरवायला नको.” बटण ठेवायला याहून सुरक्षित जागा घरात नसेल तर कमाल झाली.

१५ मार्च

पहिली रात्र पास. ही सकाळी फ्रिज उघडून आली आणि मान डोलावली. मला म्हणावा तितका आनंद झाला नाही. पोट साफ नसावं.

१७ मार्च

तिन्ही रात्री झाल्या. फ्रिजमधून गारेगार पाणी काढून मी हिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “घे, आता बॅगा भर.” ही व्हॅनमध्ये गेली, परत आली, ग्लास हातात घेतला, एक घोट प्यायली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अजून तीन रात्री करा.”

“का? तीन ठरल्या होत्या!”

“माझं समाधान झालं नाही.”

याला काही नियम आहे की नाही? मी तणतणत बाहेर आलो, तर कुंपणापाशी पोस्टमास्तर जांभया देत उभे. म्हणाले, “रात्री एक ते तीन आख्ख्या गल्लीतली वीज गेली होती. पंखा बंद. डोळ्याला डोळा नाही. तुमचं बरं आहे, गाडीत स्वतःचं वीजघर आहे!”

मी हो म्हणालो आणि आत येऊन पडून राहिलो. म्हणजे काल रात्री दोन तास फ्रिज बंद होता. हिला काही कळलेलं नसणार. पण चोराच्या मनात चांदणं. दिवसभर हिच्या नजरेला नजर देववेना.

१८ मार्च

एकदा एका भाजीवाल्याला पकडलं होतं. तराजूच्या एका पारड्याखाली त्याने चिंचोक्याएवढं मेण चिकटवलं होतं. त्याला भर बाजारात म्हणालो होतो, “खोट्या मापाचं खाणाऱ्याला अन्न पचत नाही.” काल रात्री मला जेवण पचलं नाही.

सकाळी हिच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. खिडकी, वायर, कुंड्या, भोक. ही ऐकत होती. मग हसायला लागली. इतकी हसली की हातातली सुरी खाली ठेवून भिंतीला टेकली. “अहो, मला कालच कळलं. बटण बर्फात अर्धं बुडलं होतं, तेही नेमकं गल्लीची वीज गेली त्या रात्री. बर्फ वितळल्याशिवाय बटण बुडेल का? आणि रोज बंद पडणारा फ्रिज, पण पहिल्या दोन रात्री ते जागचं हललं नाही, तेव्हाच मला संशय आला होता. मग कुंड्या बघितल्या. मोगऱ्याला कधीपासून वायर फुटायला लागली?”

चौतीस वर्षं मी लोकांचे तराजू तपासले आणि माझ्या घरात एका वाटीने मला पकडलं. आणि कालपासून तिला माहीत होतं!

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी सांगता ते बघत होते.” डोळे पुसून म्हणाली, “आता हमरस्त्यावरच्या त्या बॅटरीवालीकडे जा. पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. विचारलं म्हणजे तुमचं काही झिजत नाही.”

मी म्हणालो, विचारणं हे माझ्या स्वभावात नाही, लोक मला विचारतात. ही पुन्हा हसायला लागली, म्हणून मी चपला घातल्या.

२० मार्च

बॅटरीवाली चाळिशीची असेल. गाळ्यात पाऊल टाकायला जागा नाही, सगळीकडे ट्रकच्या बॅटऱ्या. तिने माझी नोंदवही चाळली. पंधरा दिवसांचे आकडे, तारीखवार, लाल शाईने अधोरेखित. वाटलं, आता म्हणेल, वा.

म्हणाली, “काका, हे मोजलंत कधी?”

“सकाळी. सगळं बंद करून, अर्धा तास थांबून. काटा स्थिरावल्यावर.”

“म्हणजे बॅटरी आराम करत असताना.”

“मग? मोजमाप असंच करतात.”

“गव्हाचं करत असतील. काका, आरामखुर्चीत बसलेल्या माणसाला विचारलं, जिना चढता येईल का, तर तो हो म्हणणारच. चढायला लावून विचारा ना.”

तिने टपावरच्या पॅनेलवर ताडपत्री टाकली. एक मीटर मागे बॅटरीला लावला, दुसरा पुढे इन्व्हर्टरला, आणि मला म्हणाली, “फ्रिज चालू करा आणि आकड्यांकडे बघा. हलतानाच बघा.” मी खटका दाबला. फ्रिजची मोटर सुरू झाली त्या क्षणी मागच्या मीटरवर बारा पूर्णांक दोन होते आणि पुढच्या मीटरवर दहा पूर्णांक चार. किंकाळी. इन्व्हर्टरच्या पाटीवर अंधार. बॅटरी ठीक, इन्व्हर्टर ठीक आणि मधल्या वायरीत जवळजवळ दोन व्होल्ट सांडलेले.

“एवढी लांब आणि एवढी बारीक वायर कुणी टाकली?” तिने विचारलं.

मी म्हणालो, “होता एक जण.”

“त्याला सांगा, दिवसा सूर्य बॅटरीला वर उचलून धरतो, म्हणून सांडलं तरी भागतं. रात्री नाही भागत. आणि इन्व्हर्टर इतका लांब, पुढे नेला कशाला?”

“त्याला आकडे दिसायला हवे होते.”

ती हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. इन्व्हर्टर मागे पलंगाखाली बॅटरीला खेटून बसवला. जोडणीची केबल हातभर लांब, पण अंगठ्याएवढी जाड. आकड्यांची पाटी आता पलंगाखालच्या अंधारात गेली. मी म्हणालो, “मग फ्रिज चालतोय हे मला कळणार कसं?”

“दार उघडायचं, आत हात घालायचा,” ती म्हणाली.

२४ मार्च

तीन रात्री झाल्या. खऱ्या. खिडकीतून वायर नाही, कुंड्यांमागे काही नाही. किंकाळी नाही. पोस्टमास्तर म्हणाले की गाडी शांत झाल्यामुळे आता त्यांना झोप येत नाही. रोज सकाळी बटण बर्फावर जसंच्या तसं. मी ते हिच्या हातावर ठेवलं आणि निवडणूक जिंकल्यासारखा उभा राहिलो.

ही म्हणाली, “छान.” आणि मग, “पण पडदे पातळ आहेत. उजेड आत येतो.”

२५ मार्च

पडदे दुहेरी केले. आता म्हणते, पायरी उंच आहे.

२६ मार्च

पायरी खाली केली. दुपारी भाचीचा फोन येऊन गेला. जेवताना ही ताटाकडे बघत म्हणाली, “पुढच्या वर्षी गेलं तर? पूल झाल्यावर. घाई कशाला?”

माझं टाळकं सरकलं. वर्षभर राबून गाडी केली, महिनाभर व्होल्ट मोजले, बटणाकडून अपमान करून घेतला, एका अनोळखी बाईसमोर अज्ञान कबूल केलं, आणि आता पुढच्या वर्षी! मी म्हणालो, “तुला माझ्यावर विश्वासच ठेवायचा नाही. मी ठेवलेला फ्रिज म्हणजे आपला बिघडणारच!” बरंच बोललो. ते लिहीत नाही, कारण त्यातलं अर्धं खोटं होतं.

शेवटी म्हणालो, “मग तूच सांग ताईंना. लाव फोन. सांग, आम्ही येत नाही.” आणि फोन तिच्या हातात दिला.

तिने दोन आकडे दाबले आणि बोट थांबलं. फोन धरलेला हात थरथरत होता. मी आयुष्यभर हलणाऱ्या काट्यावरून नजर काढून घेत आलो. आज घेतली नाही. तसाच बघत राहिलो आणि विचारलं, “अगं, बरी आहेस ना?”

“नाही,” ती म्हणाली.

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

“तिने विचारलं, कोण तुम्ही, तर मी काय सांगू? तिने माझ्या वेण्या घातल्या हो. तिला मी आठवले नाही, तर मग मी लहान होते हे आता कुणाला माहीत आहे?” आणि थोड्या वेळाने, “फ्रिजचं नुसतं निमित्त होतं. बंद पडायचा तेव्हा बरं वाटायचं मला.”

भांडी, स्वेटर, काळे केस, वेण्या. सगळं मी या वहीत तारीखवार लिहून ठेवलं आहे. आज मागे जाऊन वाचलं आणि स्वतःची लाज वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी तिला म्हणालो, “विचारलं तर खरं नाव सांगायचं. दहादा विचारलं तर दहादा सांगायचं. तू दमलीस की मी सांगेन.” हे काही फार मोठं बोलणं नव्हतं, पण याहून चांगलं मला सुचलं नाही. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, “पायरी आता ठीक झाली आहे.”

२८ मार्च

पहाटे निघालो. रात्रीचा मुक्काम एका पेट्रोलपंपामागे. फ्रिज उघडला, आत हात घातला. गार.

३० मार्च

काल दुपारी पोचलो. ताई ओट्यावर बसल्या होत्या. ही पिवळा स्वेटर घालून समोर उभी राहिली. बटणं लागत नव्हती, तरी. ताईंनी वर पाहिलं. हसल्या. म्हणाल्या, “कोण गं बाई तुम्ही? या, बसा ना.”

मी पुढे व्हायला लागलो, तर हिने मला मागच्या मागे हाताने थांबवलं. नाव सांगितलं. ताई म्हणाल्या, “छान नाव आहे,” आणि सरकून तिला जागा दिली. दुपारभर दोघी मटार सोलत बसल्या. ताईंनी आणखी चारदा विचारलं, हिने चारदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना ही चक्क हसत होती. मला वाटलं होतं, ही कोसळेल. माझा एकही अंदाज कधी बरोबर येणार आहे का?

आज सकाळी मी म्हणालो, पूल परवा बंद होतोय, उद्या निघायला हवं. ही म्हणाली, “होऊ दे बंद. इन्सुलिन इथेही मिळतं.” भाचीच्या तोंडावर पसरलेलं हसू बघून मी गाडीची किल्ली परत खिशात टाकली. सहा महिने! पोस्टमास्तरांना कुंड्यांना पाणी घालायला कळवलं.

मघाशी मी व्हॅनचा टायर बघत होतो, तर ताई काठी टेकत टेकत आल्या. ही मागे दोन पावलांवर. ताईंनी गाडीला फेरी मारली, आत डोकावल्या, पलंग दाबून पाहिला आणि मग मला म्हणाल्या, “ड्रायव्हर, गाडी तुमची का?”

मी म्हणालो, “हो.”

“माझी धाकटी बहीण यायची आहे. तिला आणायला जाल?”

मी हिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी म्हणालो, “जाईन.”

“मग ऐका. तिला गाडी लागते. लहानपणापासून. घाटात तर फार. पण ती सांगायची नाही, भारी मानी आहे. नुसती गप्प बसेल, खिडकीतून बाहेर बघत.”

चाळीस वर्षं. प्रत्येक प्रवासात ही गप्प बसते, खिडकीतून बाहेर बघते. मला वाटायचं, कशावरून तरी रुसली आहे, आणि मीही फुगून गाडी आणखी जोरात हाणायचो. मी हिच्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

ताईंनी काठीने माझ्या बुटावर हळूच टोचलं. “लक्ष आहे ना, ड्रायव्हर? ती गप्प बसली, की गाडी थांबवायची.”

“थांबवीन,” मी म्हणालो.